कात्री न लागलेले वस्त्र

पेरू देशात कुस्को शहरापासून तीसेक किलोमीटरवर चिंचेरो नावाचे गाव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३,७६० मीटर. दुपारी ऊन चटके देते आणि सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात गारठा हाडांत शिरतो. अशा हवेत तिथल्या केचुआ बायका खांद्यांवरून लोकरीचे जे वस्त्र ओढून घेतात, त्याला लिक्ला म्हणतात. मीटर-सव्वा मीटर लांबीरुंदीचे, जवळजवळ चौकोनी. त्याला बाही नाही, गळा नाही, गुंडी नाही. दोन टोके छातीवर आणून टाचली की ते अंगावर बसते. इतके साधे दिसणारे हे वस्त्र विणण्यामागे केवढा विचार आहे, हे कळले की माणूस थक्क होतो.

लिक्ल्याची पहिली खूण त्याच्या कडांत आहे. न शिवलेली वस्त्रे आपल्याला नवी नाहीत. साडी, धोतर, उपरणे ही सगळी तशीच नेसायची वस्त्रे. पण साडी मागावरून उतरवताना विणकराला ताण्याचे धागे कापावेच लागतात. म्हणून तिच्या दोन बाजूंना पक्के काठ आणि उरलेल्या दोन बाजूंना मोकळ्या दशा असतात. लिक्ल्याचे कापड एवढेही कापले जात नाही. त्याच्या चारही बाजू मागावरच बंद होतात. एकही धागा न तोडता ते पुरेपूर जन्माला येते. उसवण्याची भीती किंवा दुमडून शिवण्याची गरजच उरत नाही. अँडीज पर्वतराजीतल्या लोकांनी हजारो वर्षे कापडाकडे याच दृष्टीने पाहिले. वस्त्र हवे त्या मापाचे आधी मनात ठरवायचे आणि नेमके तेवढेच विणायचे.

हे साधते ते ताणा लावण्याच्या पद्धतीमुळे. जमिनीत मेखा ठोकलेल्या असतात. त्यांच्या दोन टोकांना दोन बायका समोरासमोर बसतात आणि सुताचा गुंडा एकमेकींकडे टाकत राहतात. धागा मेखांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरत जातो. त्यामुळे मधोमध धाग्यांची फुली पडते आणि प्रत्येक धाग्याचा क्रम आपोआप राखला जातो. या कामात बोलणे चालू असते, पण मोजणी चुकत नाही. कारण नक्षीतले रंगांचे सगळे गणित इथेच मांडले जाते. ताणा पुरा झाला की तो अखंड वेटोळ्यांसह उचलून दोन काठ्यांवर घेतात आणि ती वेटोळी दोरीने काठ्यांना बांधतात. धागा टोकाशी वळलेलाच राहतो, म्हणून तिथे कापण्याचा प्रश्न येत नाही.

मग यातली एक काठी खुंटीला किंवा झाडाला बांधायची आणि दुसरी पट्ट्याने स्वतःच्या कमरेला. विणणारी बाई हाच या मागाचा अर्धा सांगाडा असतो. ती मागे रेलली की ताणा कसतो, पुढे झुकली की सैल होतो. बाजूच्या काही भागांत हाच ताणा जमिनीवर चार मेखांत ताणून विणतात. माग म्हणावा असे तिच्याकडे फारसे काही नसते. काही काठ्या, धागे उचलण्यासाठी दोऱ्याचे फास, बाणा ठोकायचे लाकडी पाते आणि लामा या प्राण्याच्या हाडाचे टोकदार हत्यार. सगळे गुंडाळले की काखेत मावते. मेंढरांमागे जाताना ते बरोबर नेता येते आणि कुरणात बसून दोन बोटे कापड वाढवता येते.

दोन हात पोचतील एवढीच या मागाची रुंदी असते. म्हणून लिक्ला दोन अर्धांत विणतात. ते स्वतंत्रपणे विणून मधोमध जोडतात. दोन्ही अर्धांतले पट्टे आणि नक्षी एकमेकांसमोर आरशासारखी आली पाहिजेत. दुसरा अर्ध विणायला घ्यायचा तेव्हा पहिला घडी होऊन बाजूला पडलेला असतो. मधे पेरणी किंवा काढणी झालेली असते. तरीही हाताला तोच दाब आणि तीच मोजणी आठवावी लागते. जोडाची शिवण पुष्कळदा इतकी नीट असते की तीच एक सजावट वाटते.

सर्वांत अवघड भाग म्हणजे शेवटची काही बोटे कापड. विणत विणत कापड दुसऱ्या काठीजवळ पोचले की बाणा सरकवायला फट उरत नाही. तेव्हा लाकडी पाते बाजूला ठेवून सुई हातात घ्यावी लागते आणि एक-एक धागा उचलून ओळी भराव्या लागतात. तिथे नक्षी थोडी बदलते किंवा विरळ होते. जाणकार आधी हीच जागा शोधतात, कारण यंत्राच्या कापडात ती असूच शकत नाही.

विणण्याच्या कितीतरी आधी कताई सुरू होते, आणि वेळ खरा तिथे जातो. हातातली टकळी तिथे पुष्का म्हणून ओळखली जाते. बाई चालताना, जनावरे राखताना, बाजारात गिऱ्हाइकाची वाट पाहताना ती फिरवत असते. एकेरी सूत कातायचे, मग दोन धागे एकत्र करून उलट्या दिशेने पुन्हा पीळ द्यायचा. हा पीळ आपल्याला गरजेपेक्षा जास्त वाटावा इतका घट्ट असतो. त्याला कारण आहे. लिक्ल्याच्या विणीत ताण्याचे धागे एकमेकांना इतके चिकटून असतात की बाणा वरून दिसतच नाही. विणताना प्रत्येक ओळीला हे धागे एकमेकांना घासत वरखाली होतात. पीळ सैल असेल तर ते कुसळतात, एकमेकांत अडकतात आणि तुटतात. घट्ट पिळाच्या सुतापासून झालेले कापड दाट असते. वारा त्यातून सहज जात नाही, पावसाचे थेंबही काही वेळ वरच राहतात. डोंगरावर ही चैन नव्हे. पोरगी दिवसभर उघड्या माळावर मेंढ्यांमागे असते तेव्हा अंगावर हेच असते.

काही भागांत कडेला उलट्या पिळाचे, म्हणजे डावीकडे कातलेले धागे घालतात. अशा धाग्यांनी वाईट नजर दूर राहते अशी श्रद्धा आहे. विणकामाच्या दृष्टीनेही त्यांचा उपयोग आहे. सगळे धागे एकाच दिशेने पिळलेले असले तर कड वळून गुंडाळली जाते. उलटे धागे तो ओढा तोलून धरतात. श्रद्धा आणि कारागिरी इथे एकाच धाग्यात गुंफलेल्या आहेत, आणि मला त्यातले एक खरे आणि दुसरे भाबडे असे ठरवावेसे वाटत नाही.

नक्षी भरतकामाची नसते. ती कापडातच उगवते. ताण्याचे दोन रंगांचे धागे जोडीने लावलेले असतात. दर ओळीला बाई बोटांनी किंवा हाडाच्या टोकाने ठराविक धागे वेचून वर आणते. एक रंग वर आला की त्याचा जोडीदार खाली जातो. त्यामुळे मागच्या बाजूला तीच नक्षी उलट्या रंगांत दिसते. तांबड्यावर पांढरी असेल तर मागे पांढऱ्यावर तांबडी. या वेचण्याला आणि त्यातून आलेल्या नक्षीलाही ‘पाल्याय’ म्हणतात. नक्षीच्या पट्ट्यांमधल्या साध्या रंगीत भागाला ‘पंपा’ हे नाव आहे. मोकळ्या मैदानालाही तोच शब्द लावतात. चिंचेरोचा लिक्ला ‘लोरायपू’ या नागमोडी नक्षीने ओळखू येतो. केरो नावाच्या डोंगरी समाजाच्या वस्त्रांत सूर्याच्या आकृती असतात. कुठल्या गावची बाई येते आहे हे आसपासच्या माणसांना तिचा चेहरा दिसण्याआधी पाठीवरच्या वस्त्रावरून कळते.

ही सगळी मोजणी कुठे लिहून ठेवलेली नसते. चिंचेरोतल्या मुली सहा-सात वर्षांच्या वयात आधी कातायला लागतात, मग ‘हाकिमा’ नावाच्या अरुंद पट्ट्या विणतात. बोटभर रुंदीच्या या पट्टीत सममितीचे सगळे धडे असतात. आकृती डावीकडून उजवीकडे उलटवायची, वरून खाली उलटवायची, एका आकृतीतून दुसरी काढायची. अमेरिकी अभ्यासक एडवर्ड आणि क्रिस्टीन फ्रँकमाँट दाम्पत्याने चिंचेरोत राहून हे शिकणे जवळून पाहिले. मोठ्या बायका समजावून सांगत बसत नाहीत असे त्यांना दिसले. मुली शेजारी बसून पाहतात, चुकतात, उसवतात आणि पुन्हा विणतात. शाळेत भूमितीचे तास असतात, पण परावर्तन आणि परिभ्रमण या कल्पना बोटांत इतक्या खोल उतरवण्याची सोय त्या तासांत क्वचितच असते.

धाग्याविषयी सांगायचे तर अल्पाका आणि लामा हे उंटाच्या कुळातले, पण मदार नसलेले प्राणी. अँडीजमध्ये माणसाने त्यांना सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी माणसाळवले. अल्पाकाची लोकर मऊ, उबदार आणि तेलकटपणा कमी असलेली. पांढऱ्यापासून तपकिरी आणि काळ्यापर्यंत तिच्या नैसर्गिक छटाच पुष्कळ. मेंढी मात्र १६ व्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आली आणि इतकी रुळली की आजचे कितीतरी लिक्ले मेंढीच्या लोकरीचे असतात. चिंचेरोत लोकर धुवायला ‘साक्ता’ हे मूळ किसून पाण्यात घुसळतात. त्याला साबणासारखा फेस येतो आणि मळ निघून जातो.

लिक्ल्याच्या तांबड्या रंगाची गोष्ट मात्र थेट आपल्या बांधापर्यंत येते. हा रंग कोचिनिल या किड्याचा. निवडुंगाच्या फड्यांवर तो पांढऱ्या कापसासारख्या आवरणाखाली राहतो. मादी वाळवून कुटली की गर्द लाल पूड मिळते. एक किलो पूड हवी असेल तर सुमारे दीड लाख किडे लागतात. रंग पक्का करायला तुरटी. त्याच भांड्यात लिंबाचा रस पिळला तर रंग केशरीकडे झुकतो, क्षार घातला तर जांभळ्याकडे. एका किड्यापासून रंगारीण बाई गुलाबीपासून वांग्याच्या रंगापर्यंत डझनभर छटा काढते. स्पॅनिश साम्राज्याने अमेरिकेतला हा रंग युरोपभर विकला आणि त्याचे गुपित जपले. इंग्रजांना तो आपल्या ताब्यात हवा होता. १७९५ मध्ये ब्राझीलहून कोचिनिल म्हणून किडे बंगालमध्ये आणले गेले, पण ते दुसऱ्याच जातीचे निघाले. रंग हलका आला आणि किड्यांनी मात्र तिथला निवडुंग फस्त करून टाकला. पुढे विसाव्या शतकात याच कुळातले किडे दक्षिण भारतात मुद्दाम सोडले गेले, ते बेसुमार वाढलेला फड्या निवडुंग आवरण्यासाठी. आज आपल्या माळरानावर फड्या निवडुंगाला कापूस लागल्यासारखा दिसतो, तो याच किड्यांमुळे. तो बोटांनी चिरडला तर बोटे लाल होतात. अस्सल रंग देणारी जात मात्र भारतात रुजली नाही, आणि जगात आज सर्वाधिक कोचिनिल पेरूत पिकतो.

बाकीचे रंग वनस्पतींचे. ‘चिल्का’ झुडपाच्या पानांचा हिरवा, ‘कोल्ये’च्या फुलांचा पिवळा आणि निळीचा निळा. निळीबाबत एक गोष्ट सांगायलाच हवी. पेरूच्या किनाऱ्यावर वाका प्रिएता या ठिकाणी मिळालेल्या सुती कापडाच्या तुकड्यांवर निळीचा रंग असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. ते तुकडे सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत.

इतकी जुनी ही परंपरा. पेरूतले पुरातत्त्वज्ञ हुलिओ सेसार तेयो यांनी १९२७ मध्ये पाराकास द्वीपकल्पावर ४२९ गाठोडी उकरून काढली. प्रत्येकात वस्त्रांच्या थरांत गुंडाळलेला माणूस होता, आणि कोरड्या वाळूने दोन हजार वर्षे त्या वस्त्रांचे रंग राखले होते. पुढे इंका साम्राज्यात कापडाची किंमत सोन्याहून चढी राहिली. घराघरातून कर म्हणून विणकाम घेतले जाई. राज्याच्या कोठारांत कापडाच्या थप्प्या लागत. सैनिकांना, जिंकलेल्या सरदारांना, लग्नातल्या जोडप्यांना वस्त्रे दिली जात. माघार घेणारी सेना शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून कोठारे जाळत असे. मानववंशशास्त्रज्ञ जॉन मुरा यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या निबंधात हे सगळे प्रथम एकत्र मांडले, आणि इंकांचे राज्य समजून घ्यायचे तर कापड समजून घ्यावे लागते हे अभ्यासकांना पटले. अन्न आणि कापड यांवर माणसे बांधून ठेवणारे ते राज्य होते.

त्या काळचा लिक्ला कसा अंगावर घेत, याचा एक हेलावून टाकणारा पुरावा सप्टेंबर १९९५ मध्ये हाती आला. अरेकिपाजवळच्या अँपातो पर्वतावर, सुमारे ६,३०० मीटर उंचीवर, योहान राइनहार्ड आणि मिगेल साराते यांना बर्फात जपलेला एका किशोरीचा देह मिळाला. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी देवाला अर्पण म्हणून तिला तिथे नेऊन मारले होते. लोक तिला आता हुआनिता म्हणतात. तिच्या खांद्यांवर तांबडा-पांढरा लिक्ला होता आणि तो चांदीच्या ‘तुपू’ने टाचलेला होता. तुपू म्हणजे चपट्या माथ्याची लांब टाचणी. बर्नाबे कोबो हा १७ व्या शतकातला पाद्री लिहितो की या माथ्याची कड इतकी धारदार असे की बायका तिचा सुरीसारखा उपयोग करत. आज बहुतेकींकडे चांदीच्या जागी मोठी सेफ्टी पिन असते, पण टाचण्याची जागा तीच. अशा पर्वतशिखरांवर सोन्याचांदीच्या बोटभर उंचीच्या स्त्रीमूर्तीही मिळाल्या आहेत. त्यांनाही वेगळे विणलेले इवलेसे लिक्ले आणि इवल्या टाचण्या आहेत.

स्पॅनिश राजवटीने या पेहरावावर घाव घातले. १७८० मध्ये दुसरा तुपाक आमारू या स्थानिक पुढाऱ्याने तिच्याविरुद्ध उठाव केला. तो मोडल्यावर मे १७८१ मध्ये कुस्कोत त्याला आणि त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास हिला क्रूरपणे ठार मारण्यात आले. त्याच निकालपत्रात इंका राजवंशाची आठवण करून देणारे कपडे घालण्यावर बंदी आली आणि स्पॅनिश पोशाखाची सक्ती झाली. आज कुस्कोच्या परिसरात जो ‘पारंपरिक’ पोशाख दिसतो, त्यात हा इतिहास अंगावरच वाचता येतो. घेरदार घागरा आणि आखूड जाकीट पायट्याच्या मागावर विणलेल्या कापडातून बेतून शिवलेले असतात. तो माग आणि ती कात्री दोन्ही स्पेनहून आली. त्यावर पांघरलेला लिक्ला मात्र कमरपट्ट्याच्या मागावरचा, अखंड. राज्यकर्त्यांनी जे बदलले आणि बायकांनी जे बदलू दिले नाही, ते दोन्ही एकाच वेळी एकीच्या अंगावर असते.

२० व्या शतकात धोका वेगळ्या वाटेने आला. बाजारात कृत्रिम रंगांच्या पुड्या आल्या, मग रंगीत ॲक्रिलिकचे आयते धागे आले. जे काम महिन्यांचे होते ते दिवसांवर आले. कामाचा पैसाच कोणी देत नव्हते, त्यामुळे बायकांनी कताई सोडली याचा दोष मी त्यांना देणार नाही. शहरात लिक्ला अंगावर दिसला की हिणवले जाई, म्हणून लिमाला कामाला गेलेल्या मुलींनी तो ट्रंकेत ठेवला. गावात म्हाताऱ्या बायकांबरोबर रंगांचे ज्ञानही मिटत चालले होते.

चिंचेरोतच जन्मलेल्या नील्दा कायान्याउपा या विणकर स्त्रीने ही घसरण थांबवायचे ठरवले. लहानपणी मेंढ्या राखताना त्या विणकाम शिकल्या, मग विद्यापीठात गेल्या आणि गावच्या म्हाताऱ्यांकडे परतल्या. कोणत्या पानातून कोणता रंग येतो, हे आठवत असलेल्या बायकांना त्यांनी गाठले. १९९६ मध्ये कुस्कोत त्यांच्या पुढाकाराने पारंपरिक वस्त्रकेंद्र उभे राहिले, आणि पुढे दहा गावांचे विणकर त्याला जोडले गेले. प्रत्येक गावाने स्वतःचे तंत्र पुन्हा हाती घेतले. पितुमार्का गावात ‘तिक्ल्या’ नावाची प्राचीन रीत परत आली. तीत ताण्याचेही रंग मधेच बदलतात, आणि हे जगात फार थोड्या ठिकाणी जमते. सायाक गावात धागे बांधून रंगवण्याची कला परत आली. मुलांचे गट तयार झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विणणारीला तिच्या महिन्यांच्या कामाचा मोबदला मिळू लागला. कला जपा असे नुसते सांगून कुठलीच विद्या जगत नाही. चिंचेरोतल्या मुलींना लिक्ला विणण्यात भविष्य दिसले, तेव्हाच त्या मागाशी बसल्या.

माचू पिच्चू पाहायला आता मराठी माणसेही पेरूत जातात, आणि कुस्कोच्या बाजारात रंगीबेरंगी चौकोनी वस्त्रांचे ढीग लागलेले असतात. त्यातले पुष्कळसे यंत्रावरचे ॲक्रिलिक असते. हातात घेतलेले वस्त्र उलटून पाहा. चारही कडा न कापलेल्या, न दुमडलेल्या हव्यात. मधोमध हाताची शिवण हवी. मागच्या बाजूला तीच नक्षी उलट्या रंगांत दिसायला हवी. आणि एका टोकाजवळ सुईने भरलेला तो थोडा वेगळा पट्टा सापडायला हवा. हे सगळे असेल तर त्यात कोणाचे तरी कित्येक महिने आहेत. कुस्कोच्या त्या केंद्रात वस्त्राला विणणारीचे नाव आणि छायाचित्र असलेली चिठ्ठी जोडलेली असते. ती वाचा, आणि घासाघीस न करता सांगितलेली किंमत द्या.